‘तुमची कमकुवत बाजू सांगा’



आपल्या मदतीने शिकलेली सातपुड्याच्या पायथ्याची मुले आता नोकरीच्या दाराशी येऊन पोहोचली आहेत. कोणी नर्सिंग केले, कोणी आयटीआय. काही जण जळगावच्या किंवा चोपड्याच्या समाजकार्य महाविद्यालयातून एम.एस.डब्ल्यू. होऊन समुपदेशकाच्या जागांसाठी अर्ज करत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, एचआयव्ही तपासणी केंद्र, किशोरवयीनांचे मैत्री क्लिनिक, व्यसनमुक्ती केंद्र, कुठल्याशा संस्थेचा दोन वर्षांचा प्रकल्प, अशा या जागा. बहुतेक कंत्राटी. पण पाड्यावरच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

या मुलांसाठी फैजपूरला आम्ही मुलाखतीचा सराव घेतो. टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या, समोर एक. नाव, गाव, शिक्षण, क्षेत्रकार्य कुठे केले, असे प्रश्न होतात. मग ‘तुमची जमेची बाजू सांगा’ असे विचारले की मुले बरी बोलतात. त्यामागून ‘आणि कमकुवत बाजू?’ असे विचारले की खोली गप्प होते. या एका प्रश्नावर आमचे इतके शनिवार गेले आहेत की त्यावर सविस्तर लिहावे असे वाटले. मुलांसाठी तर आहेच, पण मंडळीतल्या मोठ्यांसाठीही आहे. कारण आपल्यातले काही जण संस्थांच्या निवड समितीवर बसतात आणि हाच प्रश्न विचारतात.

पहिल्या दिवशी मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. ‘मी फार प्रामाणिक आहे.’ ‘काम हातात घेतले की मला जेवणाचे भान राहत नाही.’ ‘मला कोणाचे दुःख पाहवत नाही.’ ही उत्तरे गाइडमध्ये छापलेली असतात, नाहीतर मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणीतरी सांगितलेली असतात. समोरच्याने आज सकाळपासून ती नऊ वेळा ऐकलेली असतात. बँकेच्या किंवा दुकानाच्या नोकरीत असे उत्तर चालून जाते. समुपदेशकाच्या मुलाखतीत ते महागात पडते. ज्याचे काम लोकांना मनातले खरे बोलायला मदत करणे आहे, तो स्वतःवर वेळ आली तेव्हा घोटवलेले वाक्य बोलून मोकळा झाला, हे समितीला लगेच दिसते.

मंडळीत वाढलेल्या मुलांची अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला बराच काळ लागला. ही मुले लपवत नाहीत. उलट सगळे सांगतात. कारण उभे राहून स्वतःच्या आयुष्याविषयी बोलायचा त्यांना सराव आहे, तो साक्ष देण्याचा. तरुण संघात, वार्षिक सभेत त्यांनी साक्षी ऐकल्या आहेत आणि दिल्या आहेत. साक्षीची एक घडण असते: मी असा होतो, मग असे घडले, आता मी तसा नाही. मुलाखतीतही ती मुले तशीच बोलू लागतात. एका मुलाने सांगितले, ‘मी फार रागीट होतो, पण आता तो राग पूर्ण गेला आहे.’ सरावाला आलेल्या पाहुण्या सरांनी हसून विचारले, ‘पूर्ण? मग हा वीकनेस कसा? हा तर इतिहास झाला.’ मुलगा गोंधळला.

सर बरोबर बोलले. साक्षीची जागा मंडळीत आहे आणि ती मोलाची आहे. पण समिती विचारते ते आजचे: अजून काय शिल्लक आहे, आणि ते शिल्लक असताना तुम्ही काम कसे करता? आपल्याला हे परके वाटू नये. पौलाच्या देहात काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि तरी तो निघाला नाही. काटा तसाच ठेवून त्याने पुढची कामे केली.

मुळात समुपदेशकाला हा प्रश्न इतक्या आग्रहाने का विचारायचा? कारण त्याच्या हातात दुसरे साधन नसते. डॉक्टरकडे औषध असते, लॅबवाल्याकडे यंत्र असते. समुपदेशकाकडे त्याचे कान, त्याचा आवाज, त्याचा चेहरा एवढेच असते. डॉक्टर मनातून चिडलेला असला तरी गोळी आपले काम करते. समुपदेशक चिडला की त्याचे साधनच बिघडते, आणि ते बिघडल्याचे समोरच्याला त्याच्या आधी कळते.

अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एका प्रसिद्ध लेखात समुपदेशनाने माणूस बदलण्यासाठी काय काय लागते ते मांडले. हे रॉजर्स मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयात दोन वर्षे शिकत होते. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट अशी होती की समुपदेशक आयुष्याच्या प्रत्येक अंगाने परिपूर्ण असण्याची गरज नाही. तसे असते तर हे काम कोणालाच करता आले नसते. मात्र समोर माणूस बसलेला असताना आपल्या आत काय चालले आहे हे त्याला स्वतःला कळत असले पाहिजे. अगदी ‘मला या माणसाची भीती वाटते आहे’ हेसुद्धा. ते समोरच्याला सांगितलेच पाहिजे असे नाही, पण स्वतःपासून लपवायचे नाही, आणि गरज पडली तर सहकाऱ्याशी किंवा मार्गदर्शकाशी बोलायचे. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच आहे. तुम्ही किती चांगले आहात हे समितीला मोजायचे नसते. तुम्हाला तुमचे आतले दिसते का, आणि दिसल्यावर तुम्ही त्याचे काय करता, हे तिला पाहायचे असते.

आता एका मुलीविषयी सांगते. तिचे नाव, गाव लिहीत नाही. तिने हे लिहायला परवानगी दिली आहे. यावल तालुक्यातल्या डोंगरातली, पावरा समाजातली, घरातली पहिली पदवीधर. सरावाला ती पहिल्यांदा आली तेव्हा कमकुवत बाजू म्हणून तिने सांगितले, ‘माझे मराठी चांगले नाही, मॅडम.’ आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत राहिलो. कारण ती उत्तम मराठीत बोलत होती. फक्त तिच्या बोलण्याला पाड्यावरचा हेल होता.

मी म्हटले, ‘अगं, सातपुड्यातली बाई दवाखान्यात येईल, तेव्हा तिच्याशी पावरीत कोण बोलेल? मी बोलेन का? हे साहेब बोलतील का?’

हा मुद्दा इथेच संपवते, कारण पुष्कळ मुलांचा हा घोळ असतो. पाड्यावरचे असणे, पावरी किंवा तडवी बोली येणे, इंग्रजी अडखळत येणे, मुलगी असणे, लग्न व्हायचे असणे, या काही कमकुवत बाजू नव्हेत. समितीतल्या कोणी ‘लग्न झाल्यावर काय?’ असे विचारलेच, तर ‘नोकरी करायची म्हणूनच अर्ज केला आहे’ एवढे शांतपणे म्हणून थांबावे. भाषेबाबत तर उलटच आहे. पाड्यावरचा माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत येत नाही. डोके जड आहे, अंग दुखते, झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, असे म्हणत तो येतो आणि अंगदुखीची गोळी घेऊन परत जातो. त्याच्या बोलीत पुढचा प्रश्न विचारू शकणारा माणूस त्या खोलीत असणे ही फार मोठी जमेची बाजू आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले. त्यात आढळले की मानसिक त्रास असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. डोंगरात तर भाषेचा आणि रस्त्याचा अडसर वेगळाच.

मग मी तिला विचारले, ‘हे राहू दे. क्षेत्रकार्यात असा एखादा दिवस आठवतो का, की ज्या दिवशी तुला तुझ्या कामाची लाज वाटली?’

बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, एका ग्रामीण दवाखान्यात एक माणूस बायकोबरोबर आला होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. ‘मी त्याला दहा मिनिटे सुनावले, मॅडम. मुलांचा विचार नाही का, बायकोचा नाही का, सगळे. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटले, पटले त्याला. तो परत कधी आलाच नाही.’ आणि मग तिला रडू आले. तिच्या घरीही दारू होती. मोहाची. लहानपणी अंधार पडल्यावर वडिलांना शोधून आणायचे काम तिच्याकडे असे.

त्या दिवशी आम्ही सराव तिथेच थांबवला. चहा मागवला. खरे सांगायचे तर समितीच्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा तिघांनाही काय करावे ते सुचले नव्हते.

पुढे तिने मला नेमका प्रश्न विचारला, ‘वडिलांचे सांगायचे की नाही?’

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आम्ही दोघींनी मिळून जे ठरवले ते असे. पहिली गोष्ट, जे सांगताना अजून गळा भरून येतो ते मुलाखतीत प्रथमच सांगायचे नाही. ते आधी दुसरीकडे सांगायला हवे: मैत्रिणीला, पाळकांना, एखाद्या जाणत्या समुपदेशकाला. दोन-चारदा सांगून झाले, आवाज स्थिर राहू लागला, की मग तो मुलाखतीत आणता येतो. रडण्यात कमीपणा आहे म्हणून हे म्हणत नाही. मुलाखतीच्या खोलीत तिला धरणारे कोणी नसते, म्हणून म्हणते.

दुसरी गोष्ट, वडिलांची कहाणी ही वडिलांचीसुद्धा आहे. उद्या ही मुलगी लोकांची गुपिते सांभाळणार आहे. मग बापाचे गुपित टेबलावर ठेवून तिने नोकरी का मागावी? एक वाक्य पुरते. ‘आमच्या घरात दारूचा त्रास होता.’ त्यापुढे कोणी खोदून विचारले, तर ‘त्याचा माझ्या कामावर होणारा परिणाम मी सांगते’ असे म्हणून कामाकडे वळावे. उदाहरण देताना रुग्णाबाबतही तेच. आपले तालुके लहान आहेत. ‘अमुक पाड्यावरच्या पोलीस पाटलाची सून’ असे म्हटले की नाव सांगायचे राहिले काय? मुलाखतीत रुग्णाची ओळख उघड करणारा उमेदवार चांगले बोलूनही बाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची: उणीव सांगून थांबायचे नाही. ती कधी डोके वर काढते, ती आली हे मला कशावरून कळते, आणि कळल्यावर मी काय करते, हे सांगायचे. महिनाभराने तिने तयार केलेले उत्तर जवळजवळ तिच्याच शब्दांत देते:

‘दारू पिऊन आलेला माणूस समोर बसला की माझा आवाज चढतो आणि मी ऐकणे सोडून सांगायला लागते. आमच्या घरात दारूचा त्रास होता, त्याचे हे मूळ आहे. क्षेत्रकार्यात माझ्यामुळे एक रुग्ण परत आला नाही. तेव्हापासून मी हे लक्ष ठेवून पाहते. माझी बोटे टेबलावर वाजायला लागली की मी समजते, हे सुरू झाले. मग मी थांबते, त्याला पाणी देते आणि एकच प्रश्न विचारते, आज इथे यावे असे का वाटले? उत्तर पूर्ण होईपर्यंत बोलत नाही. नेहमी जमते असे नाही. जमले नाही त्या दिवशी वहीत लिहून ठेवते आणि आमच्या मॅडमना दाखवते.’

या उत्तरात ‘आता सगळे ठीक आहे’ असे कुठेही नाही. ‘नेहमी जमते असे नाही’ हे वाक्य काढून टाकावे असे आमच्यातल्या एकाचे मत होते. मी ते ठेवायला लावले.

मग आम्ही तिला पुढचा प्रश्न घातला, कारण समिती तो घालतेच: ‘म्हणजे व्यसनमुक्तीचे रुग्ण तुम्हाला द्यायचेच नाहीत का?’ ती म्हणाली, ‘द्या. पण सुरुवातीचे सहा महिने माझे काम कोणीतरी दर आठवड्याला तपासावे, असे मला वाटते.’ मला विचाराल तर याच वाक्यावर मी तिला निवडले असते.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक उणीव वारंवार दिसते. ती कोणी सांगत नाही, कारण आपल्यात तिला उणीव मानतच नाहीत. समोरचा रडायला लागला की आपल्याला लगेच उपदेश सुचतो. वचन सुचते, प्रार्थना सुचते. तो आधी बडव्याकडे जाऊन आला आहे, कोंबडे दिले आहे, असे कळले की आपला चेहरा बदलतो. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून अधिकाराने लिहिते. पाड्यावरच्या एका बाईचे बोलणे मी मध्येच तोडले होते, तिला धीर द्यायचा म्हणून. धीर माझ्यासाठी होता. तिचे पुढचे ऐकणे मला झेपणार नव्हते. दवाखान्यात किंवा आश्रमशाळेत बसलेल्या समुपदेशकाकडे येणारा माणूस त्याच्या मंडळीत आलेला नसतो. आपल्या खुर्चीचा वापर श्रद्धा सांगण्यासाठी करणे हा त्याच्या अडचणीचा फायदा घेणे आहे.

चॅड वारा या इंग्लंडमधल्या अँग्लिकन पाळकांचे उदाहरण मुलांना मी नेहमी देते. १९३५ साली पाळक म्हणून त्यांनी केलेला पहिला दफनविधी एका किशोरवयीन मुलीचा होता. मासिक पाळी सुरू झाली, ती काय असते हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला वाईट रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. ही गोष्ट ते विसरले नाहीत. १९५३ साली लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी जीव नकोसा झालेल्या लोकांसाठी एक टेलिफोन ठेवला. तेच पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून जगभर पसरलेले काम. लोक त्यांना भेटायला येत, बाहेर थांबत. तिथे स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांच्याजवळ बसत. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षात आले की बाहेर चहा पिऊन, बोलून झाल्यावर अनेकांना आत येण्याची गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवले. स्वयंसेवकाने आपला धर्म किंवा मत समोरच्यावर लादायचे नाही, हा त्या कामाचा नियम ठरला. एका पाळकाने सुरू केलेल्या कामाचा, हे विशेष.

म्हणून एखादा मुलगा सरावात म्हणाला की ‘मला उपदेश करायची घाई होते, मी ती रोखायला शिकतो आहे’, तर आम्ही त्याला खुल्या मनाने शाबासकी देतो.

नव्या मुलांच्या आणखी दोन उणिवा ओझरत्या सांगते. जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट विचारायची भीती वाटते. विचारले तर आपणच तो विचार डोक्यात घालू, असे वाटते. तसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, आणि विचारल्याने उलट बहुतेकांना हलके वाटते. दुसरी, आश्रमशाळेतल्या मुलाने ‘कोणाला सांगू नका’ म्हटले की चटकन वचन देऊन टाकायचे. बालकाचे लैंगिक शोषण झाले असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेचे वचन पाळता येत नाही, म्हणून ते आधी द्यायचेही नसते. ‘मला मुलांना नाही म्हणणे जड जाते’ ही या कामातली अगदी खरी उणीव आहे आणि ती मुलाखतीत जरूर सांगावी. मात्र कायदा ठाऊक आहे हेही त्याच श्वासात सांगावे.

काय सांगायचे नाही, याविषयीही पालक विचारतात. मुलाला पूर्वी नैराश्याचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, ते सांगावे का? आजार आणि उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कमकुवत बाजू सांगा’ या प्रश्नाला आजाराचा इतिहास हे उत्तर नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने प्रत्येकाला आपल्या आजाराविषयी गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मानसिक आजाराचाही समावेश करतो. एखाद्या अर्जात थेट लेखी प्रश्न असेल तर खोटे लिहू नये, आधी जाणत्याचा सल्ला घ्यावा. पण आपण होऊन फाइल उघडायची गरज नाही. निवड समितीवरच्या आपल्या बंधुभगिनींनीही हे ध्यानात ठेवावे. ‘तुम्हाला कधी डिप्रेशन होते का?’ असा प्रश्न उमेदवाराला विचारू नये. ‘कामाचा ताण आला की तुम्ही कोणाशी बोलता?’ असे विचारावे; हवे ते सगळे कळते.

एवढे करून मार्क कमी पडणार नाहीत का? पडू शकतात. सगळ्याच समित्या ऐकायला बसलेल्या नसतात. कुठे एका उमेदवाराला चार मिनिटे मिळतात, त्यातली दोन कागद चाळण्यात जातात. म्हणून आम्ही मुलांकडून एकाच उत्तराची दोन रूपे करून घेतो: एक अर्ध्या मिनिटाचे, एक दोन मिनिटांचे. समोरच्याने मान वर करून पाहिले तर मोठे, नाहीतर छोटे. दोन्ही खरी.

आता तुमच्याकडे मागणे आहे ते सांगते. त्या मुलीने ‘माझे काम कोणीतरी तपासावे’ म्हटले, ती काही मेहेरबानी मागत नव्हती. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या, साध्या शाळा-कॉलेज शिकलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याकडून नैराश्याच्या रुग्णांवर काम करून घेतले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा या लोकांच्या मदतीने अधिक रुग्णांना उतार पडला. पण ते शक्य झाले त्यामागे एक शिस्त होती. रुग्णाच्या संमतीने बैठकी ध्वनिमुद्रित होत, सगळे समुपदेशक एकत्र बसून त्या ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. तू इथे घाई केलीस, इथे त्याचे बोलणे तोडलेस. मुलाखतीत एकदा विचारला जाणारा तो प्रश्न तिथे सतत विचारला जात होता.

आपण मुलांची फी भरतो, वसतिगृहाचा खर्च करतो, नोकरी लागली की आभाराची प्रार्थना करतो. त्यानंतर ते मूल एका दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटे बसते आणि दिवसाला दहा जणांचे दुःख ऐकते. त्याचे काम ऐकणारे, तपासणारे कोणी नसते. येत्या तिमाहीपासून महिन्यातून एकदा अशा सगळ्या मुलांना फैजपूरला एकत्र आणावे आणि जळगावहून एखाद्या अनुभवी मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्याला बोलवावे असा विचार आहे. खर्च म्हणजे एसटीचे भाडे, जेवण आणि पाहुण्यांचे मानधन. इमारत नाही, फलक नाही, उद्घाटन नाही. त्यामुळे या कामाला देणगी मिळणे अवघड जाते, याची मला कल्पना आहे. तरी ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या मंडळीच्या खजिनदारांकडे ‘मार्गदर्शन बैठक’ असे लिहून रक्कम द्यावी. मंडळीत कोणी निवृत्त परिचारिका, शिक्षक, डॉक्टर असतील आणि महिन्याचा एक शनिवार देऊ शकत असतील, तर तेही हवे आहेत. अट एकच आहे: सराव समितीच्या खुर्चीवर बसण्याआधी समोरच्या एकट्या खुर्चीवर बसून या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. मी दिले आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः अडचणीत असेल, तर मुलाखतीची आणि समुपदेशक नेमला जाण्याची वाट पाहू नये. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

त्या मुलीची पहिली मुलाखत झाली. प्रतीक्षा यादीत तिचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लागले, म्हणजे नोकरी मिळाली नाही. बाहेर आल्यावर तिने फोन केला. कमकुवत बाजू विचारली का, हे मीच आधी विचारले.

‘विचारली, मॅडम. मी छोटे उत्तर दिले. मग त्यातले एक डॉक्टर म्हणाले, पूर्ण सांगा.’

पुढच्या महिन्यात तिची धुळ्याला आणखी एक मुलाखत आहे. ती भुसावळहून गाडीने जाणार आहे; तिच्याबरोबर जायला कोणीतरी हवे आहे.